फेरारीचं वेड आधी कानातून शिरतं

2002 साली सचिन तेंडुलकरने पोर्ट ऑफ स्पेनला कसोटीतलं 29वं शतक काढलं आणि सर डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. त्या निमित्ताने फियाट कंपनीने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर फेरारीचा शर्यतीतला चालक मायकेल शुमाकर याने ती त्याच्या हवाली केली. मी तेव्हा साताऱ्यात नववीत होतो. पेपरातला तो फोटो कापून मी भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. पुढे त्या गाडीच्या सीमाशुल्कावरून वाद झाला आणि ‘मोडेना’ हा शब्द पोवई नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू यायला लागला.

फोटोने ओळख करून दिली, एवढंच. जीव जडला तो नंतर, एका रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता. युरोपात दुपारी दोनला फॉर्म्युला वनची शर्यत सुटते तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. टीव्हीचा आवाज कुणीतरी मोठा ठेवला होता. एक लाल गाडी कॅमेऱ्यासमोरून गेली आणि तो वर चढत गेलेला, मग समोरून जाताच खाली उतरलेला स्वर ऐकून मी पोह्यांची बशी हातात धरून तसाच उभा राहिलो. आज पंचविशीच्या, चाळिशीच्या, साठीच्या फेरारीप्रेमींशी बोलताना कळतं, की बहुतेकांची गोष्ट अशीच आहे. गाडी दिसते आधी, पण माणूस अडकतो तो आवाजात.

हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते व्यवहाराच्या उलटं चालतं. आपण मोटारसायकल घेतो, चार वर्षं चालवतो, ती दगा देत नाही, म्हणून पुढची त्याच कंपनीची घेतो. वापर आधी, जिव्हाळा नंतर. फेरारीने 2024 या अख्ख्या वर्षात साऱ्या जगात मिळून 13,752 गाड्या ग्राहकांना दिल्या. हिच्यावर जीव टाकणाऱ्यांतल्या जवळपास कुणालाच ती कधी मिळणार नाही, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी ते प्रेम टिकतं, वाढतं, पोराबाळांकडे जातं. ते कसं?

कानापासूनच सुरू करू.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचा भडका उडतो, त्याचा एक ठोका होतो. आपल्या नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या आसाच्या, दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. एका सिलिंडरची बुलेट मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर चालली असेल तर सेकंदाला साधारण 17 ठोके पडतात. आपल्या कानाला सेकंदाला वीसच्या आतले ठोके सुटे सुटे कळतात, म्हणून बुलेटची धडधड ‘धडधड’ अशी ऐकू येते. ठोके त्यापेक्षा दाट झाले की कान ते मोजायचं सोडून देतो आणि त्यांचा एक सलग स्वर ऐकतो. तीन सिलिंडरची छोटी मोटार त्याच 2,000 फेऱ्यांवर सेकंदाला 50 ठोके देते. तो झाला एक खर्जातला घुमारा.

आता बारा सिलिंडरची फेरारी घ्या. ती उभी असते, नुसती चालू, साधारण 900 फेऱ्यांवर, तेव्हाच तिचे ठोके सेकंदाला 90 असतात. रेस देत 8,000 फेऱ्यांपर्यंत नेली की तेच 800 होतात. ज्यांनी पेटीवर बोटं ठेवली आहेत त्यांना हे लगेच उमजेल: ठोके दुप्पट झाले की स्वर एक सप्तक वर जातो. 90 चे 180, त्याचे 360, त्याचे 720. म्हणजे गिअर न बदलता हे इंजिन तीन सप्तकं चढून वर आणखी थोडं जातं.

छोट्या मोटारीचं इंजिनही तळापासून वरपर्यंत जवळजवळ तेवढंच चढतं, हे खरं. पण ते 20 पासून 150 पर्यंत जातं. सगळा प्रवास खर्जातच. बारा सिलिंडरच्या इंजिनाचा प्रवास 90 ते 800 चा आहे, आणि गाणाऱ्या माणसाचा गळा साधारण याच पट्ट्यात फिरतो. पुरुषाच्या खर्जापासून बाईच्या तार सप्तकापर्यंत. माझं मत असं, की सारं मर्म इथे आहे. कानाला ते यंत्र वाटत नाही, कुणीतरी गातंय असं वाटतं. तान वर जाते तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास आपोआप अडकतो ना, तसंच इथे होतं. (टीव्हीवर मी जे ऐकलं ते याहून वरचं होतं. शुमाकरच्या गाडीचं दहा सिलिंडरचं इंजिन 18,000 फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, म्हणजे सेकंदाला 1,500 ठोके. ते गाणं नव्हतं, ती किंकाळी होती.)

आठ सिलिंडरच्या फेरारीचा, म्हणजे सचिनच्या 360 मोडेनासारख्या गाडीचा, आवाज आणखी वेगळा असतो आणि त्याचं कारण क्रँकशाफ्टच्या आकारात आहे. आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे बसवलेले असतात. अमेरिकी मोटारींच्या अशा इंजिनात क्रँकचे दांडे समोरून पाहिले तर अधिक चिन्हासारखे चार दिशांना दिसतात. त्यामुळे एका रांगेतले ठोके कधी लागोपाठ पडतात, कधी थांबून पडतात, आणि सायलेन्सरमधून तो गुडगुडता, अडखळता आवाज येतो. फेरारीच्या आठ सिलिंडरमध्ये दांडे एकाच पातळीत असतात, दोन वर आणि दोन खाली. एक ठोका डाव्या रांगेतून, पुढचा उजव्या रांगेतून, अगदी सारख्या अंतराने. लय मोडत नाही, म्हणून स्वर स्वच्छ लागतो. अशा क्रँकला जड वजनं जोडावी लागत नाहीत, त्यामुळे पेडल दाबताच इंजिन झटक्यात वर जातं. मोबदल्यात थरथर जास्त होते. गुळगुळीतपणा थोडा सोडून आवाज आणि चपळाई घेतली, हा त्यांचा सौदा.

मग एवढे सिलिंडर आले कुठून? 12 मार्च 1947 रोजी इटलीतल्या मारानेल्लो गावच्या कारखान्याच्या फाटकातून फेरारी नावाची पहिली गाडी चाचणीसाठी बाहेर पडली. तिचं नाव 125 एस. हा आकडा एका सिलिंडरचा: 125 सीसी. आपल्याकडे घरोघरी 125 सीसीची मोटारसायकल असते. तेवढेच बारा सिलिंडर एकत्र जोडले, की झालं दीड लिटरचं इंजिन. जोआकिनो कोलंबो यांनी ते काढलं होतं. दीड लिटरसाठी चार सिलिंडर पुरले असते, महायुद्धातून नुकत्याच उठलेल्या, कच्च्या मालाची टंचाई असलेल्या देशात तर नक्कीच. पण पिस्टन जितका लहान तितका हलका, आणि हलका पिस्टन जास्त वेगाने खालीवर होऊ शकतो. शर्यतीत ते हवं होतं. दोन महिन्यांनी, 11 मे रोजी, पिआचेन्झाच्या शर्यतीत फ्रांको कोर्तेझे ही गाडी पुढे काढून चालवत होता आणि इंधनाचा पंप बिघडून ती थांबली. पंधरा दिवस नाही झाले, तोच 25 मे रोजी रोमला ती जिंकली.

मालकाने गल्ला मोजून ही गाडी बनवली नव्हती, हे इथेच दिसतं. एंझो फेरारी शर्यतीत उतरता यावं म्हणून रस्त्यावरच्या गाड्या विकायचा. इतर कारखाने गाड्या खपाव्यात म्हणून शर्यतीत जात.

आणि या माणसाचं स्वतःचं वेड कसं सुरू झालं ते पाहा. एंझोचा जन्म 1898 चा, मोडेनातला. म्हणून सचिनच्या गाडीचं नाव मोडेना. वडिलांचा लोखंडकामाचा कारखाना. 1908 साली वडील दहा वर्षांच्या एंझोला बोलोन्याला शर्यत दाखवायला घेऊन गेले. फेलिचे नाझ्झारो फियाट घेऊन जिंकला. रस्त्याच्या कडेला गर्दीत उभं राहून, धूळ खात, समोरून जाणारी गाडी बघणारा एक पोरगा. ती गाडी त्याच्या घरची नव्हती, होण्याची शक्यताही नव्हती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फेरारीचा पहिला चाहता हा फेरारी जन्मायच्या चाळीस वर्षं आधीचा, आणि तो स्वतः एंझो होता.

पुढचे दिवस वाईट गेले. 1916 मध्ये वडील आणि थोरला भाऊ, दोघेही वारले. महायुद्ध संपल्यावर एंझो नोकरी मागायला तुरिनला फियाटकडे गेला. त्यांनी नकार दिला. थंडीचे दिवस होते. वालेंतिनो बागेतल्या बाकावर बसून तो रडला, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. 1947 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बागेतल्या रस्त्यांवर शर्यत झाली आणि रेमाँ सोमेर फेरारी घेऊन जिंकला. एंझो जाऊन त्याच बाकावर बसला. 1969 साली फेरारीचा निम्मा हिस्सा घ्यायला आली ती फियाटच.

चाहत्यांना अशा गोष्टी तोंडपाठ असतात. त्या कंपनीच्या जाहिरातीत नसतात, एक चाहता दुसऱ्याला सांगतो. मलाही बाकाची गोष्ट कॉलेजात एका मित्राने रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर सांगितली होती, आणि सांगताना त्याचा आवाज हलला होता. आवाजाने ज्याला पकडलेलं असतं त्याला अशी गोष्ट मिळाली की मग सुटका नाही.

चिन्हावरचा घोडाही एका गेलेल्या माणसाची आठवण आहे. पहिल्या महायुद्धात इटलीचा सर्वांत मोठा लढाऊ वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का, त्याच्या नावावर 34 विमानं पाडल्याची नोंद. त्याच्या विमानावर हा उसळता काळा घोडा होता. जून 1918 मध्ये तो पडला. 1923 साली एंझोने राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकली तेव्हा बाराक्काच्या आईवडिलांशी त्याची गाठ पडली आणि मुलाचा घोडा गाडीवर लावा, नशीब उघडेल, असं त्या माउलीने सुचवलं. मागचा पिवळा रंग एंझोने घातला, मोडेना शहराचा म्हणून. लाल रंग तर फेरारीचा नव्हेच. पूर्वी शर्यतीत देशाप्रमाणे रंग ठरलेले असत: फ्रान्स निळा, इंग्लंड हिरवा, इटली लाल. बाकीचे देश आपापले रंग विसरले. फेरारी विसरली नाही, म्हणून तो तिचा झाला.

आकाराबद्दल एकच प्रसंग सांगतो. 1951 मध्ये तुरिनचे बॅटिस्टा ‘पिनिन’ फारिना आणि मोडेनाचा एंझो यांनी एकत्र काम करायचं म्हणून भेट ठरवली. दोघेही मानी. कुणी कुणाच्या दारात जाईना. शेवटी दोन्ही शहरांच्या मध्ये तोर्तोना गावातल्या एका खानावळीत भेटले. त्या जेवणातून पुढे साठएक वर्षं फेरारीच्या बहुतेक सुंदर गाड्यांचे आकार निघाले.

आता वेडाच्या अवघड भागाकडे येऊ. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर आली तर एवढ्यानेच ती आवडू लागते. बुरागो कंपनीची हातात मावणारी फेरारी, भिंतीवरचं टेस्टारोसाचं किंवा एफ40 चं पोस्टर, रिक्षाच्या मडगार्डवर चिकटवलेला घोडा, कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये निवडता येणारी पहिली लाल गाडी: वयाच्या आठव्या ते पंधराव्या वर्षांत हे सारं नजरेखालून जात राहतं. झायोंक यांच्यानंतर आठ वर्षांनी रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. कॉलेजचा संघ जिंकला की विद्यार्थी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त घालतात आणि ‘आपण जिंकलो’ म्हणतात. हरला की ‘ते हरले’. क्रिकेट बघणाऱ्या कुठल्याही घरात हे रोज पडताळून पाहता येतं. 2000 ते 2004 अशी सलग पाच वर्षं शुमाकर विश्वविजेता होता. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी फेरारी तेव्हाच ‘आपली’ केली, आणि त्यात दडवण्यासारखं काही नाही.

पण चाल्डिनींच्या हिशेबात फेरारीचे जुने चाहते बसत नाहीत. 1979 ला जोडी शेक्टर विश्वविजेता झाला, त्यानंतर फेरारीच्या चालकाला ते पद मिळायला 2000 साल उजाडलं. मधली एकवीस वर्षं इटलीतल्या मॉन्झाच्या ट्रॅकवर लाल झेंडे तेवढेच होते. 2007 मध्ये किमी रायकोनेनने ते पद आणलं, त्यानंतर पुन्हा दीड दशकाहून मोठा दुष्काळ पडला. झेंडे कमी झाले नाहीत. आणि या लोकांचा सर्वांत लाडका चालक कोण? जील व्हिलनव्ह, कॅनडाचा. एकूण सहा शर्यती जिंकल्या, विश्वविजेता कधीच झाला नाही. 1979 साली नेदरलंड्समध्ये झांडफोर्टला त्याचा मागचा टायर फुटला. गाडी कडेला लावायची सोडून तो तीन चाकांवर, चौथं चाक फरफटत, ठिणग्या उडवत जवळजवळ पूर्ण फेरी मारून दुरुस्तीच्या जागेपर्यंत आला. शहाणपणाचं नव्हतं ते. 8 मे 1982 रोजी बेल्जियममध्ये झोल्डरला पात्रता फेरीत तो गेला. त्याला प्रत्यक्ष कधीच न पाहिलेली माणसं आजही त्याच्या गाडीच्या 27 आकड्याची टोपी घालतात.

इटालियन भाषेत या चाहत्यांना ‘तिफोझी’ म्हणतात. ‘तिफो’ म्हणजे टायफॉइडसारखा ताप. तेव्हा तिफोझी म्हणजे ताप चढलेले. शब्द अगदी नेमका आहे. ताप काही जिंकणाऱ्याकडे बघून चढत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हरण्यानेच ही माणसं एकमेकांना बांधली गेली. जिंकण्याच्या दिवशी कुणीही येऊन नाचतं. सोळा शर्यती हरून सतरावीला पुन्हा झेंडा घेऊन येणाऱ्याला शेजारचा झेंडेवाला ओळखतो. वारीत चालणारा माणूस अनोळखी माणसाला माउली म्हणतो, त्यातलं थोडंसं काहीतरी मॉन्झाच्या गर्दीत असतं असं मला वाटत आलं आहे.

1988 चा मॉन्झा हा त्यांचा मोठा दिवस. त्या वर्षीच्या सोळा शर्यतींपैकी पंधरा मॅक्लारेन संघाने जिंकल्या. उरलेली एक ही. 14 ऑगस्टला एंझो फेरारी गेला होता, नव्वद वर्षांचा होऊन. 11 सप्टेंबरला मॉन्झाला मॅक्लारेनचा आयर्टन सेना पुढे होता, शर्यत संपायला दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. मागे पडलेल्या विल्यम्स संघाच्या एका गाडीला ओलांडताना दोन्ही गाड्या एकमेकींना लागल्या आणि सेना बाहेर पडला. पहिला गेरहार्ड बर्गर, दुसरा मिकेले आल्बोरेतो, दोघेही फेरारीत. मालकाला जाऊन महिनाही झाला नव्हता. याला कुणी योगायोग म्हणेल. त्या गर्दीत उभ्या असलेल्यांपैकी कुणी म्हटला नसेल.

विरळपणाचाही वाटा आहे, तो नाकारता येत नाही. मागणीपेक्षा कमी गाड्या बनवणं हे या कंपनीचं जुनं धोरण. 1962 ते 1964 मध्ये बनलेल्या 250 जीटीओ सगळ्या मिळून 36 होत्या. पण दुर्मिळ तर पुष्कळ गोष्टी असतात. विरळपणाने किंमत वाढते. त्याने ताप चढत नाही.

सध्या या चाहत्यांमध्ये एकच चर्चा आहे, आणि ती परत कानाशीच येऊन थांबते. 2015 पासून आठ सिलिंडरच्या मुख्य गाडीत टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, आला. टर्बोची चक्री धुराच्या वाटेतच बसते, ठोक्यांचा जोर तीच खाते, स्वर दबतो. चाहते हळहळले. 2024 मध्ये कंपनीने टर्बो नसलेलं साडेसहा लिटरचं इंजिन असलेली नवी गाडी आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘डोदिची चिलिंद्री’. अर्थ एवढाच: बारा सिलिंडर. ती 9,500 फेऱ्यांपर्यंत जाते. आपला मघाचा हिशेब लावला तर सेकंदाला 950 ठोके.

आणि त्याच मारानेल्लोत विजेवर चालणारी फेरारीही तयार झाली. तिच्यात पेटायला सिलिंडरच नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये तिचं तंत्र दाखवताना अभियंत्यांनी सांगितलं, की खोटा, रेकॉर्ड केलेला इंजिनाचा आवाज ते स्पीकरमधून वाजवणार नाहीत. मोटर आणि गिअर फिरताना जी खरी थरथर होते, ती एक संवेदक टिपेल आणि मोठी करून ऐकवेल, इलेक्ट्रिक गिटारच्या तारेची थरथर टिपतात तशी. मी अजून ती समोरून जाताना ऐकलेली नाही. माझी भाची आठ वर्षांची आहे, खेळण्यातली लाल गाडी फरशीवरून ढकलताना ती तोंडाने अजून ‘व्रूऽऽम’ असाच आवाज काढते.